कुक्कुटखाद्य, किण्वित

धान्य, कोंडा, पेंड इ. पदार्थ पाण्यात भिजवून एक ते तीन दिवस आंबू दिल्यावर कोंबड्यांना घालण्यात येणारे ओले खाद्य. भिजलेल्या खाद्यात लॅक्टिक अम्ल तयार करणाऱ्या सूक्ष्मजंतूंची झपाट्याने वाढ होते. त्यामुळे खाद्य आंबट होते, त्यातील काही अन्नघटक पचण्यास सुलभ होतात आणि अनेक रोगकारक जंतूंच्या वाढीस ते प्रतिकूल बनते. नाचणीची आंबील ज्या क्रियेने आंबट होते त्याच प्रकारची ही क्रिया असून तिला किण्वन (सूक्ष्मजंतूंच्या द्वारे होणारी आंबण्याची क्रिया) म्हणतात.

महाराष्ट्रात या विषयाचा इतिहास पाहण्यास पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस असलेला पिंपरी-चिंचवड–चाकण हा औद्योगिक पट्टा विशेष उपयोगी आहे. परसातील गावठी कोंबडी, शासकीय अंडी उबवणी केंद्र, देशातील पहिला सरकारी पेनिसिलिन कारखाना आणि मांसल कोंबड्यांचा आधुनिक धंदा या सर्वांचा एका शतकाच्या आत येथे किंवा येथून जवळच उदय झाला. याच काळात किण्वनाची क्रिया घरातील मडक्यातून व गोठ्यातील घमेल्यातून कारखान्यातील पोलादी टाकीत गेली आणि वेगळ्या रूपाने पुन्हा कोंबडीच्या खाद्यात आली. या स्थित्यंतरात प्रतिजैव पदार्थांचा (सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या व अन्य सूक्ष्मजीवांना मारक असलेल्या पदार्थांचा) शिरकाव झाल्याने हा प्रश्न केवळ कुक्कुटपालनाचा न राहता सार्वजनिक आरोग्याचा झाला आहे.

परसातील कोंबडी : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आजचे पिंपरी-चिंचवड हे लहान लहान खेड्यांचा समूह होते. पुणे येथील कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ज्या गावाची आर्थिक पाहणी केली आणि जिच्यावरील 'लँड अँड लेबर इन ए डेक्कन व्हिलेज' हा ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला, ते पिंपळे सौदागर हे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. शेतजमिनीचे तुकडे व कर्जबाजारीपणा यांचे या ग्रंथातील विवेचन प्रसिद्ध आहे. अशा खेड्यांत कोंबडी पाळण्यास वेगळे भांडवल लागत नसे. मळणीनंतर खळ्यावर सांडलेले दाणे, कोंडा, उष्टे-खरकटे, किडे व कोवळी पाने यांवर ती जगे. रात्री तिला डालग्याखाली झाकीत.

कोंबडीला मुद्दाम आंबवलेले खाद्य घालण्याचा वेगळा प्रघात असण्याचे कारण नव्हते. तथापि जनावरांना भिजवलेले खाद्य देण्याची रीत शेतकऱ्यांच्या पूर्ण परिचयाची होती. दुभत्या गाईम्हशींसाठी पेंड, सरकी, भुसा, चुणी इ. पदार्थ भिजवून तयार केलेल्या खाद्यास आंबोण म्हणतात. उष्ण हवेत ते काही तास तसेच राहिल्यास त्यात आंबण्यास सुरुवात होते. गोठ्याभोवती वावरणाऱ्या कोंबड्या अशा खाद्याचे सांडलेले कण टिपीत. म्हणजे आज 'किण्वित खाद्य' या नावाने जे नवे म्हणून सांगितले जाते, त्याचे तत्त्व येथील शेतकरी कुटुंबास अपरिचित नव्हते. अपरिचित होते ते त्याचे मोजमाप व कारणमीमांसा.

गावठी कोंबडी वर्षाकाठी थोडी अंडी देऊन खुडूक होत असे, म्हणजे अंडी देणे थांबवून ती उबवण्यास बसत असे. नव्या पिलांसाठी हा गुण आवश्यक होता. परंतु अंड्यांच्या उत्पादनाच्या दृष्टीने तो दोष ठरला. व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंड्यांसाठी निपजलेल्या जातींमधून निवडीने तो जवळजवळ नाहीसा करण्यात आला आणि उबवणीचे काम यंत्राकडे आले. पिंपरी-चिंचवडमधील दापोडीसमोर, मुळा नदीच्या पलीकडे असलेल्या खडकी येथील शासनाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राने ऱ्होड आयलंड रेडसारख्या सुधारित जातींची पिले व उबवणुकीची अंडी शेतकऱ्यांना पुरविण्याचे काम केले. नदीच्या त्याच बाजूस औंध येथे १९४७ मध्ये स्थापन झालेली पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था असून जनावरांच्या लसींबरोबर तेथे कोंबड्यांच्या रोगांवरील लसीही तयार होतात. मानमोडी (राणीखेत) या रोगाने गावातील सर्व कोंबड्या काही दिवसांत मरून जात. त्यामुळे या लसी उपलब्ध होणे ही कुक्कुटपालनाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना ठरली.

पिंपरी व किण्वन उद्योग : जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी यांच्या साहाय्याने भारत सरकारने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन केली व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पुढे तेथे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. कारखान्याच्या संशोधन विभागात एम्. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी हॅमायसिन या कवकनाशक प्रतिजैव पदार्थाचा शोध लावला. ज्या सूक्ष्मजीवापासून तो मिळतो त्यास 'स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना' असे पिंपरीचेच नाव देण्यात आले आहे.

पेनिसिलिनच्या उत्पादनाचा आंबवलेल्या धान्याशी असलेला संबंध लक्षात घेण्यासारखा आहे. मक्यापासून स्टार्च काढण्यापूर्वी मका सु. ५०° से. तापमानाच्या पाण्यात दीड ते दोन दिवस भिजत ठेवतात. या पाण्यात लॅक्टिक अम्लाचे जंतू वाढतात आणि दाण्यातील विद्राव्य प्रथिने व खनिजे त्यात उतरतात. स्टार्चच्या कारखान्यांत ते पाणी आटवून दाट करीत व पशुखाद्यात घालीत. १९४१ मध्ये अमेरिकेतील पिओरिया येथील प्रयोगशाळेत अँड्र्यू मॉयर यांनी पेनिसिलिनच्या बुरशीला हे दाट भिजवण दिले, तेव्हा पेनिसिलिनचे उत्पादन सु. दहा पटींनी वाढले. पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर तयार करणे त्यामुळेच शक्य झाले. अशा रीतीने आधुनिक प्रतिजैव उद्योगाच्या पायाशी आंबलेल्या मक्याचे पाणीच होते.

प्रतिजैव पदार्थांचा खाद्यात शिरकाव : किण्वन उद्योगाकडून कुक्कुटखाद्याकडे उलटा प्रवास याच सुमारास अमेरिकेत सुरू झाला. वनस्पतिज पेंडीवर वाढविलेली पिले खुरटी राहतात. मासळी, मांस इत्यादींत असणारा कोणता तरी घटक त्यांना कमी पडतो, हे ठाऊक होते. १९४८ मध्ये हा घटक ब-१२ जीवनसत्त्व असल्याचे निष्पन्न झाले. लेडर्ली प्रयोगशाळेतील टॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी या जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत म्हणून ऑरिओमायसिन या प्रतिजैव पदार्थाच्या निर्मितीनंतर उरलेला किण्वित लगदा पिलांना घालून पाहिला. पिलांची वाढ जीवनसत्त्वामुळे अपेक्षित असलेल्या वाढीपेक्षाही जास्त झाली. लगद्यात शिल्लक राहिलेला अल्पसा प्रतिजैव पदार्थ याला कारणीभूत होता, हे १९५० च्या सुमारास स्पष्ट झाले आणि एक टन खाद्यात काही ग्रॅम प्रतिजैव पदार्थ मिसळण्याची पद्धत थोड्याच वर्षांत जगभर पसरली.

म्हणजे ज्या प्रयोगातून ही पद्धत निघाली तो एका अर्थी किण्वित खाद्याचाच प्रयोग होता. मात्र त्यातून आंबलेल्या लगद्याचे पोषणमूल्य मागे पडले आणि त्यातील जंतुनाशक अंश तेवढा उचलला गेला. कोंबड्यांची संख्या वाढवून त्यांना दाटीत ठेवणे या अंशामुळे सोयीचे झाले.

धंद्याची वाढ : १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळामुळे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांचे रूप पालटले. १९७० मध्ये येथे नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या परिसरात १९९० नंतर मोटार उद्योगाचे मोठे कारखाने आले. कामगारवस्ती वाढली, तशी अंडी व मांस यांची मागणी वाढली आणि त्याच वेळी परसाची जागा आक्रसली. आसपासच्या खेड, मावळ, मुळशी व हवेली तालुक्यांत जोडधंदा म्हणून कोंबड्यांची खुराडी जाऊन शेड आल्या.

हैदराबाद येथे १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी स्थापिलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगसमूहाने पुढे पुणे हे आपले मुख्य ठाणे केले. अंड्यांचा भाव व्यापाऱ्यांनी ठरविण्याऐवजी उत्पादकांनी ठरवावा, यासाठी १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे मुख्य कार्यालयही पुण्यात आहे. संकरित जाती, गादी किंवा पिंजरा पद्धत आणि कारखान्यात तयार झालेले कोरडे खाद्य या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याने मांसल कोंबडी सु. सहा आठवड्यांत दोन किग्रॅ.हून अधिक वजनाची होऊ लागली. मका व पेंड हे या खाद्याचे मुख्य घटक होत. पूर्वी शेंगपेंड जास्त वापरीत. आता सोयाबीनची पेंड वापरतात. उत्पादनखर्चाचा सु. दोन-तृतीयांश भाग खाद्यावर होत असल्याने त्यात होणारी अल्पशी बचतही धंद्यात निर्णायक ठरते. प्रतिजैव पदार्थांचा वापर बंद करणे अवघड जाते, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

प्रतिरोधाचा प्रश्न : अल्प मात्रेत दीर्घकाळ दिलेल्या प्रतिजैव पदार्थाने सर्व जंतू मरत नाहीत, जे तग धरतात त्यांचीच पुढे वाढ होते. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका शेतावर स्ट्यूअर्ट लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, टेट्रासायक्लीनयुक्त खाद्य दिलेल्या कोंबड्यांच्या आतड्यांत साधारण एका आठवड्यात प्रतिरोधी जंतू प्रबळ झाले. काही महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही ते आढळू लागले. त्यापूर्वी १९६९ मध्ये ब्रिटनमधील स्वान समितीने, माणसांच्या उपचारात महत्त्वाचे असलेले प्रतिजैव पदार्थ वाढीसाठी खाद्यात मिसळू नयेत, अशी शिफारस केली होती. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी होणारा असा वापर बंद केला व १ जानेवारी २००६ पासून यूरोपीय संघात तो पूर्णपणे थांबला.

भारतात २०१४ मध्ये दिल्ली व परिसरातील कोंबडीच्या मांसाच्या ७० नमुन्यांची एका अभ्याससंस्थेने तपासणी केली, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैव पदार्थांचे अवशेष आढळले. इतर औषधे निरुपयोगी ठरल्यावर रुग्णाला द्यावयाच्या कोलिस्टीन या प्रतिजैव पदार्थाचा वापर कुक्कुटखाद्यातही होत होता. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता त्याचे उत्पादन, विक्री व वितरण करण्यास केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. कोंबडीचे वजन थोडे अधिक वाढावे म्हणून वापरलेले औषध अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या वेळी निकामी ठरावे, हा या धंद्यातील खरा तोटा असून तो कोणाच्याही हिशेबवहीत लिहिला जात नाही. पेनिसिलिन भारतात सहज मिळावे म्हणून पिंपरीचा कारखाना उभारण्यात आला होता, हे या संदर्भात ध्यानात ठेवणे उचित होय.

किण्वित खाद्याचा पुनर्विचार : वरील निर्बंधांमुळे पिलांच्या आतड्यांचे आरोग्य औषधाविना कसे राखावे, या प्रश्नाकडे संशोधकांचे लक्ष वळले. नेदर्लंड्समध्ये एकविसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या प्रयोगांत, किण्वित ओले खाद्य दिलेल्या मांसल कोंबड्यांना सॅल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर या जंतूंचा संसर्ग होण्याचे प्रमाण कमी असल्याचे दिसून आले. डेन्मार्कमध्ये अंड्यांवरील कोंबड्यांवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अंड्यांचे वजन वाढले. परंतु कोंबड्यांनी सुरुवातीस हे खाद्य नाखुषीने खाल्ले आणि एकमेकींना टोचण्याची त्यांची वृत्ती वाढून पिसे खराब झाली. त्यामुळे हे खाद्य सर्व बाबतींत श्रेष्ठ आहे असे म्हणता येत नाही.

या खाद्याच्या उपयुक्ततेची कारणे मुख्यत्वे दोन आहेत. एक, लॅक्टिक अम्लामुळे खाद्याचे पीएच मूल्य ४ ते ४·५ पर्यंत उतरते व त्या अम्लतेत आतड्यांचे विकार उत्पन्न करणारे अनेक जंतू टिकत नाहीत. दोन, धान्यातील बराचसा फॉस्फरस फायटिक अम्लाच्या रूपात बद्ध असून कोंबडीला तो नीट पचविता येत नाही. भिजण्याच्या व आंबण्याच्या क्रियेत हे संयुग काही अंशी फुटते आणि फॉस्फरस व इतर खनिजे उपलब्ध होतात.

तयार करण्याची रीत : भरडलेले धान्य किंवा तयार कोरडे खाद्य चिनी मातीच्या अथवा प्लॅस्टिकच्या स्वच्छ भांड्यात घेऊन त्यात वजनाने सु. सव्वा ते दीडपट पाणी घालतात. अखंड दाण्यांना याहून जास्त पाणी लागते. तांब्यापितळेची भांडी आंबट पदार्थास अयोग्य होत. खाद्य पाण्याखाली बुडलेले राहील असे पाहून भांडे सैल झाकतात व दिवसातून एकदोनदा ढवळतात. पुण्याच्या उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. हिवाळ्यात दोन-तीन दिवस लागतात. आधीच्या घाण्यातील थोडे आंबवण विरजणासारखे घातल्यास क्रिया लवकर सुरू होते. चांगल्या खाद्याला ताकासारखा किंवा आंबिलीसारखा आंबट वास येतो. कुजका वास आल्यास किंवा पृष्ठभागावर केसाळ बुरशी दिसल्यास सर्व खाद्य टाकून द्यावे लागते. दोन-तीन तासांत संपेल एवढेच खाद्य घालणे व उरलेले काढून भांडी धुणे आवश्यक असते. अंड्यांवरील कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवतात.

मूळ धान्य बुरशीयुक्त असेल, तर ते आंबवून निर्दोष होते हा समज चुकीचा व घातक आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेली शेंगपेंड खाल्ल्याने मेले व त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. मावळातील दीर्घ व दमट पावसाळ्यात साठवणीच्या मक्याला व पेंडीला ही बुरशी सहज लागते; म्हणून धान्य वाळवून कोरड्या जागी ठेवणे ही आंबवण्याच्या आधीची अट होय.

रेशमी व काळ्या कोंबड्या : रोज भिजवणे, ढवळणे व भांडी धुणे हे काम लहान कळपातच परवडते. म्हणून शोभेच्या व वैशिष्ट्यपूर्ण जाती पाळणाऱ्यांमध्ये या खाद्याविषयी विशेष आस्था आढळते. अशा जातींपैकी रेशमी कोंबडी ही मूळची पूर्व आशियातील होय. तिच्या पिसांच्या तंतूंना एकमेकांत अडकविणारे आकडे नसल्याने पिसारा लोकरीसारखा मऊ दिसतो. कातडी व हाडे काळसर, कानाची पाळी निळसर आणि पायाला चाराऐवजी पाच बोटे ही तिची इतर लक्षणे होत. तेराव्या शतकातील प्रवासी मार्को पोलो याने चीनमधील मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख केला आहे तो बहुधा हिचाच असावा. नराचे वजन सु. १·८ किग्रॅ. व मादीचे सु. १·४ किग्रॅ. भरते. ही कोंबडी वारंवार खुडूक होते व इतर पक्ष्यांची अंडीही उबवते. यंत्राने निरुपयोगी ठरविलेला गुण हिच्यात टिकून राहिला आहे.

मध्य प्रदेशातील झाबुआ भागात आदिवासींनी जोपासलेल्या आणि २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या कडकनाथ कोंबडीचा काळेपणा व रेशमी कोंबडीचा काळेपणा एकाच आनुवंशिक फेरफारामुळे येतो. मात्र कडकनाथची पिसे नेहमीसारखी असून खुडूक होण्याची प्रवृत्ती कमी असते. पालनात हा भेद महत्त्वाचा ठरतो. रेशमी कोंबडीच्या पिसांवरून पाणी ओघळत नाही. ती भिजते व गारठते. त्यामुळे पावसाळ्यात तिला कोरडी, बंदिस्त जागा लागते. तिचा तुरा व गालावरील पिसे ओल्या खाद्याने बरबटून त्यांत जंतू वाढू शकतात. यास्तव तिचे किण्वित खाद्य निथळून, दाटसर करून अरुंद भांड्यात घालतात.

मर्यादा : किण्वित खाद्य हे औषध नव्हे. मानमोडीपासून संरक्षण लसीनेच मिळते आणि आजारी पक्ष्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध द्यावेच लागते. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये यांत्रिक पन्हाळीतून कोरडे खाद्य पुरवीत असल्याने तेथे ओले खाद्य वापरणे कठीण जाते. अशा ठिकाणी किण्वनाची फळे वेगळ्या रूपात पोहोचतात. ब-१२ जीवनसत्त्व, लायसीन हे ॲमिनो अम्ल आणि फायटिक अम्ल फोडणारे फायटेज हे एंझाइम हे कोरड्या खाद्यात मिसळले जाणारे पदार्थ टाक्यांमध्ये सूक्ष्मजीव वाढवूनच मिळवितात. त्यामुळे किण्वन जुने आणि कोरडे खाद्य आधुनिक असा विरोध वस्तुतः नाही. सूक्ष्मजीवांच्या कार्यापैकी पोषण करणारा भाग कोंबडीला द्यावा व जंतू मारणारा भाग आजाऱ्यांसाठी राखून ठेवावा, हा विवेक महत्त्वाचा असून घमेल्यातील आंबवणाला व कारखान्यातील टाकीला तो सारखाच लागू पडतो.